शेवटच्या पानावरच्या केसरबाई

मित्रांनो, मी एक जुनी पुस्तिका आहे, पण गोष्टींची नव्हे आणि कवितांचीही नव्हे. दळण कुठे दळून मिळतं, गॅसवाला कोणत्या वारी येतो, हलक्या हाताचा दातांचा डॉक्टर कोणता, असल्या गोष्टी माझ्या पोटात आहेत. नव्या माणसाला वस्तीची ओळख व्हावी म्हणून मला छापलं होतं. माझं नाव ‘आपला शेजार’. नाव मोठं आणि लक्षण खोटं, असं म्हणणारे म्हणतात. त्यांचं मी मनाला लावून घेत नाही.

माझा जन्म पनवेलजवळच्या उलव्याचा. तिथे पूर्वी भातशेती होती, मिठागरं होती. मग भराव पडला, उंच इमारती उभ्या राहिल्या आणि चारी दिशांची माणसं येऊन राहू लागली. समोरच्या दारामागे कोण राहतं, हे कुणालाच ठाऊक नसे. गणराज म्हात्रे हे तिथले मूळचे गृहस्थ. आपल्याच गावात आपल्याला कुणी ओळखत नाही, याचा त्यांना भारी राग यायचा. त्या रागातूनच मी जन्माला आले म्हणा ना. एका उन्हाळ्यात डोक्याला रुमाल बांधून ते गल्लीगल्ली फिरले आणि जे दिसलं ते लिहून काढलं. त्यात स्वतःची मतं घालायलाही ते विसरले नाहीत. ‘पीठ बारीक देतो, पण दळताना बोलतो फार.’ ‘शिंपी हाताचा चांगला, शब्दाचा कच्चा.’ पनवेलच्या एका छापखान्यात मला निळं कव्हर चढलं आणि पोटात दोन पिना बसल्या.

सुरुवातीला माझा थाट विचारू नका! नवं बिऱ्हाड आलं की वस्तीच्या मंडळातर्फे त्यांच्या हातात एक नारळ आणि मी, अशा दोन वस्तू पडायच्या. बायका माझी जास्तीची प्रत मागून घ्यायच्या. मला तेव्हा अगदी शिंगं फुटली होती.

पुढे सगळ्यांच्या हातात फोन आले आणि माझी गरज सरली. माझ्या बहिणींपैकी कुणी डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली गेली, कुणाच्या पानांत सुकट बांधली गेली. गणराज ‘नवी आवृत्ती काढू’ म्हणत राहिले आणि म्हणता म्हणता थकले. मी हेतलबेन नावाच्या बाईंच्या भाड्याच्या घरात, स्वयंपाकघराच्या खणात पडून होते. सोबतीला एक मोडकं लाटणं होतं. भाडेकरू येत, खण उघडत, नाक मुरडत आणि बंद करत. अंधाराची सवय होते, पण आपण कुणालाच नको आहोत याची सवय होत नाही.

मागच्या आषाढात खण उघडला आणि एका मुलीने मला बाहेर काढून चक्क वाचायला सुरुवात केली. तिचं नाव भावना. म्हसळ्याजवळच्या एका गावातली, बौद्धवाडीतली. रक्त तपासायचं शिक्षण घेऊन ती इथल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला लागली होती. चावी द्यायला आलेल्या हेतलबेन तिच्या हातात मला पाहून हसल्या.

“ते कशाला वाचते? जुना झाला ते. फोनमधी बघ ने, सगळा मिळते.”

“फोनवर दुकानं मिळतात,” भावना म्हणाली. “यात माणसांची नावं आहेत.”

मित्रांनो, हे ऐकून मला काय वाटलं ते मी सांगूच शकत नाही.

मग आमची जोडी जमली. मी तिच्या पिशवीत बसून सगळीकडे जाऊ लागले. पण माझी अब्रू रोज थोडी थोडी जात होती. शिंप्याच्या जागी मोबाइलचं दुकान निघालं. खानावळ बंद पडली होती. बहुतेक फोन नंबर लागतच नव्हते. भावना रागावली नाही. चुकलेल्या ओळीवर ती पेन्सिलीने हलकी रेघ मारायची आणि बाजूला खरं लिहायची. काम तिच्या फार आवडीचं होतं. सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसलं, ते घरी आल्यावर ती मोठ्याने सांगायची. ऐकायला मी एकटीच असायचे. दार लावलं की त्या घरात पंख्याचा आवाज आणि तिचा आवाज, एवढेच दोन आवाज होते.

तिची आई गावी एकटी होती. मुलीला पाठवताना तिने एकच अट घातली होती आणि दर फोनला ती पुन्हा ऐकवायची. “मानसं मिळाली तर ऱ्हा. मानसांबिगर ऱ्हायाचं न्हाय. आश्विनाच्या पुनवेपत्तुर बगते, न्हायतर मीच येऊन घेऊन जाईन.” बोलल्याप्रमाणे करणारी बाई होती ती. म्हणजे माणसं मिळाली नाहीत, तर हातचं काम जाणार होतं.

माणसं शोधायला भावनाने माझं शेवटचं पान उघडलं. तिथे लिहिलं होतं : ‘बुद्धविहार. तलावामागची गल्ली. वंदना सायंकाळी सात वाजता. चौकशी केसरबाई तांबे,’ आणि खाली त्यांचा पत्ता. त्यापुढे गणराजांचं मत होतं : ‘बाई करड्या, पण चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत.’ तिच्या गावी पौर्णिमेला सगळी वाडी विहारात जमायची. त्यामुळे दिवस कोणता, हा प्रश्न तिला पडलाच नाही. आषाढी पौर्णिमेला पांढरा पोशाख करून, मेणबत्त्या घेऊन ती निघाली. विहाराला कुलूप होतं. ती पायरीवर बसून राहिली. कुणी आलं नाही. श्रावणातल्या पौर्णिमेलाही तसंच झालं. विहार आता बंद पडलं आणि केसरबाईंचा पत्ताही माझ्यातल्या बाकीच्या पत्त्यांसारखा जुना झाला असणार, अशी तिने समजूत करून घेतली. कुलपाला ताजं तेल दिलेलं होतं, उंबरा झाडलेला होता. मला ते दिसत होतं, पण छापल्यापेक्षा एक अक्षर जास्त बोलण्याची मला सोय नाही.

त्या रात्री आईचा फोन आला.

“विहारात गेली व्हतीस का गो?”

“व्हय आये, गेले होते.”

“मानसं हायत का बरी?”

भावनाने खाली पाहिलं. माझं शेवटचं पान तिच्या मांडीवर उघडंच होतं. “हायत ना,” ती म्हणाली. “केसरबाई म्हणून आहेत एक. फार माया करतात.”

एकदा सुरुवात झाली की खोट्याला पाय फुटतात. केसरबाईंनी भाकरी वाढली. पावसात भिजले म्हणून केसरबाई ओरडल्या. केसरबाईंचे गुडघे फार दुखतात, जिना चढवत नाही त्यांना. माझ्यावरच्या त्या दीड ओळीतून भावनाने एक अख्खी बाई उभी केली. हे सगळं सांगताना तिच्या पुढ्यात चहा आणि पाव असायचा. आई तिकडे खूश व्हायची. फोन ठेवला की भावना माझ्यावर हात ठेवून रडायची. ती खोटं बोलत होती खरी. पण तिला नेमकं काय हवं होतं, तेच ती सांगत होती. आणि मी तिचा हात धरू शकत नव्हते.

भादव्यात गावातल्या सुजितचा टेम्पो पनवेलला आला. त्याच्याबरोबर आईने पिशवी पाठवली होती. पिशवीत थोडी आमसुलं होती आणि परसातलं एक भलंमोठं तवसं, म्हणजे आपली कोकणातली जाडजूड काकडी. पाठोपाठ फोन आला.

“तवसं केसरबाईला दे. वेलाचं पयलं हाय. माज्या पोरीला ती भाकर घालते आनि मी तिला काय पाठवू नको? उद्या सांजच्याला देऊन ये. तिच्या घरी असशील तवा मला तिच्याशी बोलायचं हाय.”

आमच्याकडे वेलाचं पहिलं फळ घरात खात नाहीत, आपल्या माणसाकडे धाडतात. ते तवसं भावनाने कापून खाल्लं असतं, तर कुणाला कळलं नसतं. दुसऱ्या दिवशी तिने दोनदा सुरी हातात घेतली आणि दोनदा ठेवून दिली. केसरबाई गावी गेल्यात, असं सांगायचंही तिच्या मनात आलं. शेवटी तिने मला पिशवीत टाकलं, माझ्या पाठीवर ते थंडगार तवसं ठेवलं आणि ती निघाली. आईला खरं सांगायचं आणि गावी परत जायचं, असं तिने वाटेतच ठरवून टाकलं होतं. पण दुसऱ्याच्या नावाने आलेली वस्तू त्याच्या हाती द्यायलाच हवी, एवढं तिला कळत होतं.

पत्त्यावरची इमारत सापडली. दार एका काटक म्हाताऱ्या बाईने उघडलं. गुडघे ठणठणीत दिसत होते.

“कोन पायजे?”

भावनाने तवसं पुढे केलं. “आईनं पाठवलंय तुम्हाला.”

“कुनाच्या आईनं?”

तेवढ्या प्रश्नाने भावनाचा बांध फुटला. तिथे उंबऱ्यावरच उभं राहून तिने सगळं सांगितलं. कुलूप, भाकरी, गुडघे, सगळं. केसरबाईंचा चेहरा काही हलला नाही. त्यांनी तवसं काखेत घेतलं आणि दुसरा हात पुढे केला. “बगू ते पुस्तक.”

त्यांनी मला डोळ्यांजवळ धरलं. अक्षरावर बोट ठेवत त्यांनी स्वतःचं नाव वाचलं, पुन्हा वाचलं.

“ह्यात मी हाय?” त्या हळूच म्हणाल्या. “गनराज लिवून घेऊन गेला व्हता खरा. येवढी वर्सं छापलेली हाय मी, आनि एक नवं मानूस दारात आलं न्हाय.”

तेवढ्यात भावनाचा फोन वाजला. आईला धीर धरवला नव्हता. भावनाने तो हातात घेतला. “मी सांगते तिला खरं,” ती म्हणाली. केसरबाईंनी मला खिडकीत ठेवलं आणि तिच्या हातातून फोन घेतला.

“कोन, केसरबाई का?” पलीकडचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

“व्हय. बोलतेय.”

“माजी पोर तुमाला तरास देत न्हाय ना?”

केसरबाईंनी भावनाकडे पाहिलं. “तरास कसला? गुनाची हाय. भाकर तेवढी नीट खात न्हाय.”

“आनि तुमचं गुडघं कसं हायत?”

केसरबाईंनी खाली वाकून आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. “हायत,” त्या म्हणाल्या. “चालायचंच.”

“तुमी हाय म्हून माजा डोळा लागतो बगा,” आई म्हणाली आणि फोन बंद झाला.

केसरबाईंनी फोन भावनाच्या हातात दिला आणि पदराने आपले डोळे पुसले. मग त्या कडाडल्या, “रोज पंचशील म्हनते मी. खोटं बोलनार न्हाय, ते चौथं शील. या वयात मोडाय लावलंस ते! आता मी बोलले ते खरं करायचं तुज्यावर हाय. बस खाली. भाकर टाकते. आनि पुनवेला कोन येनार हाय इथं? सगळी कामाला जातात. आमचं विहार रईवारी भरतं.”

रविवार! गणराजांनी तो लिहिला नव्हता, कारण इथल्या सगळ्यांना तो ठाऊकच होता. भावना खाली बसली. रडता रडता तिने तव्यावरची पहिली भाकरी खाल्ली, आणि दुसरी मागून घेतली. चहासुद्धा झाला, हे मला अभिमानाने सांगावंसं वाटतं. माझ्यातलं तेवढं तरी खरं निघालं होतं.

आश्विनाची पौर्णिमा आली आणि गेली. आई न्यायला आली नाही. भावना अजून तिच्या प्रयोगशाळेत आहे आणि दर रविवारी विहारात जाते. मी पुन्हा खणात आहे, लाटण्याशेजारी. मला तिने टाकलेलं नाही, पण उघडायचं आता काही कारण उरलेलं नाही. संध्याकाळी तिचा आवाज बाहेरून ऐकू येतो. परवा ती आईला प्राप्ती आणि मृणाली नावाच्या कुणा मुलींबद्दल सांगत होती. तिघी मिळून चौलच्या बाजूला फिरायला जाणार आहेत म्हणे. मी माझी सगळी पानं आठवून पाहिली. ही नावं माझ्यात नाहीत. मला फार आनंद झाला, आणि फार एकटंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

मित्रांनो, मला कव्हर घाला, मला जपा, असं मी म्हणणार नाही. माझी पानं आता पिवळी पडली आहेत, ती गळतीलच. पण तुमच्या मजल्यावरचं एखादं बंद घर उघडलं आणि दाराबाहेर एकाच माणसाच्या चपला दिसल्या, तर त्याच्या हाती माझ्यासारखं पुस्तक देऊन मोकळे होऊ नका. केसरबाईंचा पत्ता कितीतरी वर्षं छापलेला होता, आणि तरी त्यांच्या दारात कुणी गेलं नव्हतं. तुम्ही जा.