पट्टीबाईंची रुजुवात

“झाले दोन तास. पेन खाली ठेव, आत्या,” भिंगरी म्हणाली.

आत्याने मुकाट्याने पेन खाली ठेवलं. बहात्तरावा प्रश्न अर्धवट वाचून सोडावा लागला, याची तिला चुटपुट लागली. एकशेवीस प्रश्न, एकशेवीस मिनिटं, आणि बाईंचे झाले एकाहत्तर. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पेपर पसरलेला, त्यावर वीतभर लाकडी पट्टी आणि शेजारी तसाच गार झालेला चहा. भिंगरी खिदळत उत्तरं तपासायला बसली. आत्याला हसायची संधी रोज कुठे मिळते?

भिंगरी म्हणजे आत्याच्या भावाची मुलगी. लहानपणापासून पायाला भिंगरी लावल्यासारखी हिंडायची, म्हणून घरात तेच नाव पडलं. वकिलीच्या कॉलेजात जायचं तर प्रवेशपरीक्षा द्यावी लागते, म्हणून दोन वर्षांपूर्वी ती आत्याकडे राहायला आली. गेल्या वर्षी शेवटची जागा पासष्ट गुणांना गेली आणि हिला मिळाले साडेत्रेसष्ट. भावाने स्पष्ट सांगून टाकलं होतं की यंदा शेवटचं. नाही जमलं तर घरी परत यायचं आणि त्याच्या खिळे-स्क्रूच्या दुकानात बसायचं. माणूस वाईट नव्हता, पण बोलला की बोलला.

आता चोपन्नाव्या वर्षी आत्याने हा सराव पेपर का सोडवावा? तर निव्वळ कुतूहलापोटी. दर रविवारी भिंगरी पेपर सोडवायची, दहा मिनिटं राखून संपवायची, आणि गुण पाहावेत तर एकसष्ट, साडेबासष्ट, त्रेसष्ट. पोरगी चुणचुणीत, अभ्यास तोंडपाठ, क्लासचे सर तिच्या वेगावर खूश, आणि गुण मात्र ढिम्म हलेनात. कुठेतरी पाणी मुरत होतं. ते कुठे मुरतंय हे कळल्याशिवाय आत्याला चैन पडेना, म्हणून ती स्वतःच पेपरला बसली.

तपासता तपासता भिंगरीचं हसू थांबलं. तिने पुन्हा मोजलं. आत्याची सहासष्ट उत्तरं बरोबर, पाच चूक. चुकीच्या प्रत्येक उत्तराला पाव गुण कापला जायचा. म्हणजे पावणेपासष्ट. त्याच पेपरात सगळेच्या सगळे प्रश्न सोडवून भिंगरीला मिळाले होते साडेबासष्ट. चौऱ्याहत्तर बरोबर, शेहेचाळीस चूक.

“हे कसं काय?” भिंगरीने विचारलं.

तेच तर आत्यालाही पाहायचं होतं. पण तिला गंमत वाटली ती स्वतःच्या पाच चुकांची. पाचही कायद्याच्या भागातल्या. एकतीस वर्षं न्यायालयात काढलेल्या बाईने बाकी सगळीकडे नीट उत्तरं द्यावीत आणि नेमकी कायद्यात माती खावी! प्रश्न काही अवघड नव्हते. वर एक नियम दिलेला: परवानगीशिवाय दुसऱ्याच्या आवारात पाऊल टाकणारा दोषी, मग कारण काहीही असो. खाली घटना: शेजारच्या हौदात पडलेलं मूल काढायला एक बाई कुंपण ओलांडून धावली. ती दोषी का? आत्याने ठणकावून लिहिलं होतं, निर्दोष. एकतीस वर्षांत असल्या बाईला शिक्षा करणारा न्यायाधीश तिने पाहिला नव्हता.

“अगं, वर लिहिलंय तेवढंच धरायचं असतं. तुला बाहेरचं काय माहीत आहे, ते नाही विचारलेलं,” भिंगरीने समजावलं.

आत्या चपापली. लिहिलंय तेवढंच धरायचं, हे तर तिच्या पोटापाण्याचं काम होतं.

न्यायालयाच्या नक्कल विभागात ती नोकरीला होती. निकालाची नक्कल कुणी मागितली की ती टंकून निघायची, आणि मग मूळ कागदाशी ताडून पाहायची. त्याला तिथे रुजुवात म्हणत. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने नक्कल डोळ्यांखालून घालायची, आणि पान संपलं की म्हणायचं, ‘जुळलं.’ वाचायला एक वयस्क सहकारी होते, त्यांना सगळे वाचककाका म्हणत. ऐकणारी आत्या. प्रत्येक ओळीखाली पट्टी धरून ती इतकी सावकाश पुढे सरकायची की विभागाने तिचं नाव पट्टीबाई ठेवलं होतं. दोन साहेबांनी तिच्यापुढे हात टेकले. तिच्या मागून आलेले तिघं वरच्या खुर्चीत जाऊन बसले. तिने पट्टी काही सोडली नाही.

मग आत्याने भिंगरीच्या शेहेचाळीस चुका पुढ्यात घेतल्या आणि एकेकीला विचारल्यासारखं विचारलं, तू का गं झालीस? भिंगरीला वाटत होतं, येत नाही म्हणून चुकतं. निघालं भलतंच. येत नव्हते असे प्रश्न अवघे नऊ. चौदा ठिकाणी तिने प्रश्न अर्धाच वाचला होता. कोणता निष्कर्ष निघत नाही असं विचारलं, तर हिने निघतो तो दिला. अकरा ठिकाणी आत्यासारखंच मनचं लिहिलं. आणि उरलेले बारा शेवटी डोळे मिटून खुणा केलेले, कोरे राहिले तर कसं दिसेल म्हणून.

“कुणाला कसं दिसेल?” आत्याने विचारलं.

पुढच्या रविवारी भिंगरीने नाइलाजाने पट्टी हातात घेतली. सराव पेपर सोडवायला लागली ती असं तोंड करून, जणू कुणी पायात बेडी ठोकलीय. ऐंशी प्रश्न झाले आणि गुण आले साठ. आधीच्यापेक्षाही कमी! मग काय, वीजच कडाडली. दुसऱ्या दिवशी पेपर पाहून क्लासच्या सरांनी वर्गासमोर विचारलं की तुझ्या वेगाला झालं काय, बैलगाडी झाली का तुझी? घरी येऊन पट्टी टेबलावर आपटत भिंगरी म्हणाली की आत्याचं काम वेगळं आणि परीक्षा वेगळी. आत्याला सगळे मागे टाकून गेले ते काय उगीच? एवढ्यावरही ती थांबली नाही.

“एखादी ओळ निसटली तर असं काय आभाळ कोसळतं गं?”

आत्याने पट्टी उचलली. तिची कड बोटाने चाचपली, नीट आहे ना म्हणून.

“कोसळतं,” ती म्हणाली. “बस. सांगते.”

ही गोष्ट तिने आजवर कुणाला सांगितली नव्हती. भावालाही नाही. नोकरीचं चौथं वर्ष. तेव्हा आत्या विभागात सगळ्यांत चपळ होती, आणि तिला त्याचा तोरा होता. त्या दिवशी वाचककाका रजेवर होते. साठ पानं संध्याकाळपर्यंत जायची होती. ती म्हणाली, मी एकटीच बघते की. एका निकालाच्या शेवटी लागोपाठ दोन ओळी ‘आरोपीस’ या शब्दाने सुरू होत होत्या. आरोपीस निर्दोष ठरविण्यात येत आहे. आरोपीस तात्काळ मुक्त करावे. पहिली ओळ टंकून झाल्यावर टंकणाऱ्याची नजर पडली ती दुसऱ्या ‘आरोपीस’वर, आणि ही तर झाली असं समजून तो पुढे गेला. सोडण्याची ओळच गेली. नक्कल करणाऱ्यांची नजर अशीच फसते, त्यासाठीच तर रुजुवात. आणि आत्याची नजर नेमकी तिथेच, तशीच घसरली. माणूस निर्दोष सुटलाय हे तिला माहीत होतं, मग मनानेच ती ओळ वाचून टाकली. खाली सही ठोकली, ‘जुळलं.’

“मग?” भिंगरीने विचारलं.

“मग काय. तीच नक्कल तुरुंगात गेली. सोडा असं लिहिलेलंच नाही, तर तुरुंगवाले कसं सोडतील? दुरुस्त नक्कल जाईपर्यंत सहा दिवस तो आत राहिला. काही केलेलं नसताना.”

विभागात समज देऊन प्रकरण मिटलं. पण सुटल्यावर तो माणूस स्वतःची नक्कल घ्यायला खिडकीशी आला. अंगावर सैल झालेला शर्ट. चूक कुणाची, हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने कागद हातात घेतला आणि विचारलं, “आता सगळं बरोबर आहे ना, बाई?”

“मी हो म्हणाले,” आत्या म्हणाली. “पण मान वर नाही केली. आणि तो मला धन्यवाद देऊन गेला गं.”

आत्याचे डोळे भरले होते. भिंगरीने पुढे होऊन पट्टी तिच्या हातातून घेतली आणि सराव पेपरातल्या चुकलेल्या प्रश्नांखाली एकेक करून धरायला लागली. त्या दिवशी ती पुन्हा वेगाबद्दल बोलली नाही.

पुढचे दोन महिने घरात वेगळाच खेळ चालला. भिंगरी चुका गोळा करायची आणि संध्याकाळी आत्या कामावरून आली की सांगायची, आज चारच अर्धवट वाचले, आज मनचं एकच. येत नसलेला प्रश्न कोरा सोडून पुढे जायला तिला सगळ्यांत जड गेलं. कोरी जागा पाहून तिचे हात शिवशिवायचे. हळूहळू गुण चौसष्ट झाले, सदुसष्ट झाले, मध्येच एकदा बासष्टवर आपटले. क्लासच्या सरांनी बैलगाडी म्हणायचं सोडलं. आत्यानेही कायद्याचे प्रश्न सोडवून पाहिले आणि हौदातल्या मुलासाठी धावलेल्या बाईला जड मनाने दोषी ठरवलं.

परीक्षेच्या सकाळी फाटकावरच्या रखवालदाराने पट्टी आत नेऊ दिली नाही. भिंगरीचं तोंड उतरलं. आत्याने तिचं प्रवेशपत्र घेतलं, मधोमध घडी घातली आणि तिची सरळ कड दाखवली. भिंगरी आत गेली. आत्या पट्टी घेऊन समोरच्या बाकावर दोन तास बसून राहिली. एरवी धावत बाहेर येणारी पोर त्या दिवशी चालत आली. म्हणाली, तेवीस कोरे सोडले. इतकंच.

निकाल लागला तो सुट्टीच्या दिवशी, सकाळी नऊला. निवड झालेल्यांची यादी मोबाइलवर आली. भिंगरी ओरडली नाही, नाचली नाही. पांढऱ्याफटक चेहऱ्याने स्वयंपाकघरात आली आणि मोबाइल टेबलावर ठेवला.

“मला दिसतोय नंबर. पण माझ्या नजरेवर माझा विश्वास नाही. तू रुजुवात घे,” ती म्हणाली.

आत्याने हात पुसले, चष्मा लावला. प्रवेशपत्र भिंगरीच्या हातात दिलं आणि आपण मोबाइलवरच्या त्या ओळीखाली पट्टी धरली.

“वाच.”

“चार.”

“चार.”

“शून्य. सात. सात.”

“सावकाश. एकेक.”

आठही आकडे झाले. मग नाव झालं, जन्मतारीख झाली, साडेचौऱ्याहत्तर गुण झाले. यादीत जागा मिळालेलं कॉलेजही झालं. ते रात्रभराच्या प्रवासावर होतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. आत्याने पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. या वेळी भिंगरी न सांगता सावकाश, एकेक आकडा वाचत गेली आणि आत्याची पट्टी ओळीवरून सरकली नाही.

“बरोबर आहे ना, आत्या?”

आत्याने पट्टी बाजूला ठेवली. चष्मा काढला. मग मान वर करून, भिंगरीच्या डोळ्यांत बघत ती म्हणाली, “हो. जुळलं.”