शीटवरचा हात

"आता किती ठोकसान, मिस्त्री? सगळा माल एकाच लॉटचा हाय," राधेश्याम शेठ गल्ल्यावरून म्हणाले.

मिस्त्रींनी शेठकडे न बघताच मान डोलावली आणि प्लायवूडच्या पुढच्या शीटवर बोटाची पेरं आपटली. ठक. मग माझ्याकडे बघितलं. मी शीटच्या दुसऱ्या टोकाला, दमून टेकल्यासारखी, हात टेकवून उभी होते. हात तसाच ठेवला. म्हणजे भरीव आहे, घ्या. पुढची शीट. मध्यावर ठक, कडेला ठक, आणि कोपऱ्याशी आले तसा आवाज बसका झाला. ठप्प. मी हात उचलला आणि पदर सारखा केला. मिस्त्रींनी शीट बाजूला सारली.

"ही नको, शेठ. वरून बर्च हाय, पोटात पोकळ हाय."

"मानलं बुवा," शेठ गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाले. "पुंजाराम मिस्त्रीचा कान म्हंजी कान."

मला हसावं की रडावं ते कळेना. त्या कानाला ट्रकचा हॉर्नसुद्धा ऐकू येत नव्हता.

पुंजाराम मिस्त्री म्हणजे माझे मालक. मीही त्यांना घरीदारी मिस्त्रीच म्हणते. केदारखेड्याला भावकीची शेती आहे, पण यांचं मन मातीत कधी रमलं नाही. तरुणपणी जालन्यात आले, फर्निचरच्या कारखान्यात शिकले आणि उभा जन्म कटर मशीनच्या कडेला काढला. त्या मशीननंच कान खाल्ले. आधी रातकिड्यासारखी किर्र सुरू झाली, मग माझं बोलणं अर्धं पोचायला लागलं, आणि आता तर कुलूपच लागलंय. डॉक्टर म्हणाले, नस वाळली, आता काही व्हायचं नाही. कानात घालायचं यंत्र आणलं होतं. ते घालून कटर चालवला तर यांना भोवळ आली. तेव्हापासून यंत्र देव्हाऱ्याच्या खालच्या खणात पडलंय. पोरीचा, मनीषाचा, सासरहून फोन येतो तेव्हा बोलते मी, आणि हे शेजारी बसून मान डोलावतात.

पण बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही, हा त्यांचा हट्ट. माणसं हाक मारायची, हे बघायचे नाहीत. लोक म्हणायला लागले, मिस्त्रीला गुर्मी आली. मी एकदा चिडून म्हटलं, सांगून टाका की खरं काय ते. तर म्हणाले, "गुर्मीचा म्हनू दे. बहिरा म्हनले की काम गेलं. बहिऱ्याच्या हातात मशीन कोन देतं?"

काम तसंही जातच होतं. आता लोक दुकानातून तयार किचन आणतात, मशीनवर कापलेलं. जे एखादं-दुसरं आमच्याकडे यायचं तेही गुर्मीच्या नावानं दुसरीकडे वळायचं. शहागडला पुतण्या बबलूचा ढाबा आहे. तो म्हणतो, काका, गेटवर खुर्ची टाकून बसा, ट्रकांवर ध्यान ठेवा. जन्मभर हातात काटकोनाचा गुण्या धरलेल्या माणसानं गेटवर बसायचं. बबलूचं नाव काढलं की मिस्त्री ताटावरून उठायचे. तर असं होतं. अंबडचं एक काम हाती आलं होतं. ते निभावलं तर बघून आणखी चार जण बोलावतील, आणि नाही निभावलं तर ती खुर्ची. हे मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. बोलायचं मात्र नाही.

काम होतं प्रियदर्शनी मॅडमचं. अंबडला कॉलेजात शिकवतात, नवरा कोर्टात वकील. नवं घर बांधलं. मॅडमनी मोबाइलवर एक फोटो दाखवला होता. दुधाच्या सायीच्या रंगाची कपाटं, वरून सनमाइका नाही, कसला रंग नाही, आणि कडेला प्लायचे थर उघडे, एकावर एक. म्हणाल्या, "मला हेच पाहिजे, मिस्त्री. बर्च म्हणतात या लाकडाला. वरून काहीही चिकटवायचं नाही."

मॅडम तोंडासमोर बोलल्या म्हणून मिस्त्रींना ओठांवरून कळलं. घरी आल्यावर फार खुशीत होते. खुशीत असले की आवाज चढतो त्यांचा, त्यांना कळत नाही.

"नंदे, ह्याच्यात झाकायला काहीच न्हाई बघ. सनमाइका असला की समदं खाली जातं. कुठं कड हुकली, कुठं भोक चुकलं, वरून पट्टी मारली की झालं. इथं चूक झाली की ती जन्मभर दिसनार."

मी समोर जाऊन, ओठ मोठे करून म्हटलं, "मंग मॅडमला सनमाइका घ्या म्हना. कामून जोखीम?"

"एक तर काम बिनझाकल्याचं करू दे की," ते म्हणाले.

आता काय बोलणार. म्हणून त्या दिवशी राधेश्याम शेठच्या दुकानात मी शीटवर हात ठेवून उभी होते. निवडलेल्या शीट टेम्पोत चढल्या, तेव्हा मिस्त्री प्रत्येकीच्या कडेवरून अंगठा फिरवत होते. त्या दिवशी मला वाटलं, निभेल.

रोज सकाळी आम्ही जालन्याहून अंबडची एसटी धरायचो. मोटरसायकल मीच बंद केली होती त्यांची. मागून गाडी आली तर कळायचं कसं? हाताखालचा माणूस केव्हाच सोडून गेला होता, त्यामुळे शीटचं दुसरं टोक मी धरायची, भुसा मी झाडायची, आणि मुख्य म्हणजे दारावर नजर ठेवायची. मॅडम काही बोलल्या की मी लगबगीनं मिस्त्रींच्या समोर जायची आणि तेच पुन्हा म्हणायची. "मॅडम म्हनतात, बिजागरी मऊ मिटनारी पाहिजे. मॅडम म्हनतात, चमच्यांचा कप्पा डाव्या हाताला." एकदा मॅडम हसल्या. "ताई, तुम्ही फारच बोलता हो. मिस्त्रींना बोलूच देत नाही." मी म्हटलं, सवय हाय मॅडम. नवऱ्याच्या आधी तोंड उघडणारी बाई म्हणून नाव झालं माझं त्या घरात. होऊ दे.

काम मात्र असं देखणं होत होतं की मलाच उगाच हात फिरवावासा वाटायचा. ओट्याखालची कपाटं एका लांब ओळीत, लाकडाच्या रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग गेलेल्या, जशी काही एकच फळी. मिस्त्री लांब उभे राहून बघायचे आणि स्वतःशीच मान हलवायचे. पुष्कळ वर्षांनी मी त्यांना असं बघितलं.

त्याच दिवसांत मॅडमच्या सासूबाई दवाखान्यातून घरी आल्या. बायनाबाई. साखरेनं एक पाय गुडघ्याखालून काढावा लागला होता. चाकाच्या खुर्चीत बसून असायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला चहा घेतला का विचारायच्या. जन्म चुलीपुढं गेलेली बाई. आता नव्या घरात आपल्याला काय काम, असं एकदा मला म्हणाल्या होत्या.

मधेच मला एक दिवस रेशन दुकानात अंगठा द्यायला थांबावं लागलं. नाही दिला तर नाव कटेल म्हणत होते. मी मिस्त्रींना म्हटलं, आज तुम्ही पण राहा घरी. ते ऐकतात होय?

"एका दिसानं काय होतंय? कापायचंच काम हाय. तू जा, अंगठा दे."

संध्याकाळी आले ते फुशारकीत. "मॅडम आल्त्या. बोलल्या दोन गोष्टी. म्या हो म्हन्लं."

"काय बोलल्या?"

"कामाचंच की. दुसरं काय बोलनार?" आणि हात झटकून अंघोळीला गेले.

हो म्हणायचं, मान डोलवायची, ही त्यांची जुनी युक्ती. दहातल्या नऊ वेळा ती चालून जाते. लोकांना हो-च पाहिजे असतं.

पुढच्या दिवसांत कपाटं बसली. मधले आडवे-उभे आधार ठोकले, त्यावर फरशीवाल्यांनी काळा ग्रॅनाइट बसवून दिला. फक्त दारांना शेवटचं पॉलिश राहिलं होतं. त्या दिवशी मॅडम खुर्ची ढकलत आजींना आत घेऊन आल्या. आजींनी डोक्यावरून नीट पदर घेतला होता आणि मांडीवर मेथीची जुडी होती.

"बघा आई, तुमची जागा," म्हणत मॅडमनी खुर्ची खिडकीखालच्या ओट्याकडे वळवली आणि पुढे लोटली.

खुर्चीची पायटेक कपाटाच्या दारावर आपटली. ठक.

भरीव आवाज होता. पहिल्या नंबरची शीट होती ती, मीच हात ठेवला होता तिच्यावर. मिस्त्री पाठमोरे होते, पॉलिश पेपर दुमडत होते. त्यांना काहीच ऐकू गेलं नाही.

मॅडम थांबल्या. खुर्ची थोडी मागे घेतली, वाकून ओट्याखाली बघितलं.

"मिस्त्री, हे काय? इथं मोकळं ठेवा म्हणाले होते ना मी? आईंची खुर्ची आत जायला पाहिजे. इथं बसून त्या भाजी निवडणार, पोळ्या लाटणार. त्यांना किती दिवसांपासून सांगून ठेवलंय मी." त्यांनी ओट्यावर बोट टेकवलं. "मी इथंच उभी राहून सांगितलं. तुम्ही हो म्हणालात."

मिस्त्री वळले. मॅडमचं तोंड हलताना दिसलं, तसे हसून म्हणाले, "हो, हो मॅडम. करतो ना."

रेशनच्या दिवशी हे कशाला हो म्हणून आले होते, ते मला तेव्हा कळलं.

"काय करतो?" मॅडम म्हणाल्या. "वर ग्रॅनाइट बसलाय. आता कापणार कसं?"

कापता आलं असतं. सनमाइकाचं काम असतं तर मधलं कपाट उडवून, कडांना पट्ट्या मारून, वरून नवा पत्रा चिकटवून मिस्त्रींनी रातोरात मोकळं करून दिलं असतं. इथं आधार काढले की फरशी फुटणार, आणि कापलेली प्रत्येक कड, स्क्रूचं प्रत्येक भोक उघडं पडणार. सलग रेघांची सगळी ओळच गेली. हे मला कळत होतं, त्यांना अजून कळायचं होतं. ते अजून हसतच होते, पण डोळे माझ्याकडे लागले होते. मी समोर जाऊन सांगावं, याची वाट बघत होते.

मी गेले नाही. किती दिवस जायचं?

"मॅडम," मी म्हटलं, "यांना ऐकू येत न्हाई. बिलकुल येत न्हाई. लई वर्सं झाली."

आजी मेथीची जुडी धरून मिस्त्रींकडे बघत राहिल्या. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मीही चार शब्द बोलले असते, भांडण झालं असतं, मोकळं झालं असतं. पण त्या स्टुलावर बसल्या आणि कपाळाला हात लावला.

"आधी सांगायचं ना हो, ताई," त्या हळू म्हणाल्या. "मी लिहून दिलं असतं. आता मला भीती वाटते. ते कटर चालवतात, मागून आई खुर्ची घेऊन आल्या तर? मी जीव मुठीत धरून बसू का?" मग म्हणाल्या, "हात सोन्याचे आहेत त्यांचे. पण उद्यापासून नको. संभाजीनगरहून दुसरे मिस्त्री बोलावते मी. तुम्हीच सांगा त्यांना. माझ्याच्यानं नाही व्हायचं."

मिस्त्री एकदा मॅडमकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. हातात तो दुमडलेला पॉलिश पेपर. मग ते सगळ्यांच्या देखत, इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाले, "नंदे, काय म्हनल्या गं मॅडम?"

मी त्याच दाराशी उभी होते. हात बर्चच्या दारावर टेकलेला होता. माझा आवाज त्यांच्या काय कामाचा? ओठ हलवायचे तेवढे, पण तेही हलेनात.

मी हात उचलला.

ते माझ्या हाताकडे बघत राहिले. पुन्हा टेकतो का, एवढं बघितलं असेल. मी पदर सारखा केला.

"बरं," ते म्हणाले. या वेळी मान डोलावली नाही.

मग खाली बसले. खुर्ची आपटली होती तिथं दारावर बारीक ओरखडा आला होता. त्यावरून पॉलिश पेपर फिरवला, फुंकर मारली, अंगठा फिरवून बघितला. ओरखडा गेला. दार उघडून मिटून बघितलं, ते मऊ मिटलं. मग पटाशी, गुण्या, स्क्रूचा डबा, एकेक करून पिशवीत भरायला लागले. मी भुसा झाडून काढला.

निघताना बायनाबाई त्यांच्या पाठीमागून म्हणाल्या, "बाबा, मोठ्या मनानं केलंस रे काम. लई देखनं केलंस."

मिस्त्री चपला घालत होते. मी पटकन पुढे होऊन त्यांच्या समोर गेले, आजी काय म्हणाल्या ते सांगायला. पण त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. खाली बघत पायऱ्या उतरले.

एसटीत खिडकीशी जागा मिळाली. ते बसले आणि डोळे मिटून घेतले. झोपले नव्हते, जबडा आवळलेला होता. मी वाट बघत राहिले. डोळे उघडले असते तर आजींचं बोलणं सांगता आलं असतं, बबलूला एवढ्यात काही कळवायचं नाही हेही सांगता आलं असतं. डोळे मिटलेल्या माणसाला काय सांगणार? कंडक्टर तिकिटाला आला, मीच काढलं.

मी माझा हात त्यांच्या गुडघ्यावर टेकवला आणि तसाच ठेवला. जालना येईपर्यंत त्यांनी डोळे उघडले नाहीत.