तीन बदाम

सोमवारपासून मला आठवड्यातले तीन दिवस शाळेत रुजू व्हायचं होतं, आणि नऊ महिन्यांची क्लारिता कुणाकडे ठेवायची ते ठरत नव्हतं. नवरा बोटीवर. घरात सासरे, पण त्यांना नाताळात अर्धांगाचा झटका येऊन गेलेला. "मी सांभाळतो की," असं ते म्हणाले, तेव्हा मी विषय बदलला. गॅस चालू ठेवून विसरले तर? दार उघडं टाकलं तर?

म्हणून शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये पत्त्यांच्या ब्रिजला मी त्यांची जोडीदार म्हणून बसले, ती खरं तर त्यांच्या स्मरणशक्तीची परीक्षा घ्यायला. त्यांना अर्थातच बोलले नाही. क्लारिता माझ्या छातीशी, झोळीत झोपलेली. प्रतिस्पर्धी शेजारचेच काका-काकू, ओम योपी आणि तांते आल्चे.

पापांनी, म्हणजे सासऱ्यांनी, बोली लावली, एक बिनहुकूम. म्हणजे पानं भक्कम, चारी रंगांत विखुरलेली.

माझ्याकडे पाच बदाम आणि बाकी सगळा कचरा. नवशिका अशा वेळी गप्प बसतो. पण पानं दुबळी असतात तेव्हाच बोलायचं, हे लग्नानंतर पापांनीच मला शिकवलं होतं. बदाम हवे असतील तर चौकट बोलायचं. जोडीदाराने ओळखायचं आणि बदाम स्वतः बोलायचे, म्हणजे त्याची भक्कम पानं झाकलेली राहतात. त्याआधी त्याने टेबलावर बोटांनी टकटक करायची, प्रतिस्पर्ध्यांना कळावं की ही बोली दिसते तशी नाही.

मी दोन चौकट बोलले.

टकटक झाली नाही.

पापांकडे बघायची सोय नव्हती. नजरेने खुणावणं म्हणजे लबाडी. मी क्लारिताच्या टाळूकडे बघत बसले. विसरले. आता पास म्हणणार, डाव बोंबलणार, आणि शाळेला मी नाही म्हणून कळवणार.

"अरे नेल्स," तांते आल्चे म्हणाल्या, "टेबल ठोकतोयस की मांजर कुरवाळतोयस?"

मी वर पाहिलं. पापांच्या उजव्या हाताची बोटं टेबलावर पडत होती, केव्हापासून कोण जाणे. आवाज तेवढा होत नव्हता.

"डोकं जागं आहे गं, हात अजून झोपलाय." त्यांनी डाव्या हाताने खणखणीत ठोकलं आणि बोली लावली. दोन नव्हे, तीन बदाम!

"सुनेनं दोन मागितले, तू तीन देतोस?" ओम योपी हसले. "भिकेला लागशील!"

"पत्ते उघडले की बघ."

तीन बदामांचा डाव आम्ही जिंकलो. पापांकडे चार बदाम होते आणि वर एक्के. वेळ लागला तो दोन की तीन, या विचारात.

खेळाच्या मध्यंतरात तळलेली केळी खाताना मी म्हटलं, "पापा, सोमवार-मंगळवार हिला सांभाळाल? उचलायचं नाही पण. चटईवरच."

"शाळेला तीन दिवस हवेत ना? मग दोनच का मागतेस?"

"गॅस मी बंद करून जाईन."

"कर की. कॉफी मी आल्चेकडे पिईन." मग केळ्यावर मिरचीची चटणी घेत म्हणाले, "आणि नोनी, आडून बोलायचं ते पत्त्यांत. घरात सरळ विचार."

क्लारिता जागी झाली होती. मी झोळीची गाठ सोडली आणि तिला पापांच्या मांडीवर दिलं.