मी पांढरा केलेला दात

मित्रांनो, मी एक जुना फोन आहे असे म्हणालो, तर तुम्ही मला उलटून-पालटून पाहाल आणि विचाराल, हा कुठे जुना? तुमचे खरे आहे. माझ्या अंगावर ओरखडा नाही आणि काच अजून कोरी आहे. पण आमच्यात म्हातारपण फार लवकर येते. माझ्या मागून धाकटा भाऊ बाजारात आला, त्याच दिवशी दुकानाच्या काचेवरचे माझे भलेमोठे चित्र उतरवले गेले. तेव्हा मी जेमतेम चालता-बोलता झालो होतो.

माझा जन्म एका लखलखीत कारखान्यात झाला. तिथे माणसे नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत वावरत आणि धुळीला दाराबाहेर उभे करत. माझ्या कॅमेऱ्याला तिथे खास शिकवणी होती. असंख्य चेहरे दाखवून मला पढवले गेले, की माणसाचा चेहरा समोर आला की डोळ्यांखालचे काळे पुसायचे, मुरुमे बुजवायची, आणि ओठांच्या आत जे काही दिसेल ते पांढरे करायचे. बटण दाबेपर्यंत मला सगळे जसे आहे तसेच दिसते. बटण दाबले की मी ते सुधारतो. कुणाला विचारत नाही, कारण विचारले तर माणसे संकोचतात. या गुणाबद्दल माझे फार कौतुक झाले. माझ्या खोक्यावरही छापले होते, 'तुमचे हसू, आणखी सुंदर'.

असा मी एका घरी आलो. मला विकत घेणाऱ्या मालकीणबाई दात बनवत. म्हणजे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचा ठसा घेऊन पाठवत आणि मालकीणबाई घराच्या मागच्या खोलीत बसून त्याबरहुकूम कवळी किंवा एखादा सुटा दात तयार करत. खिडकीला लागून टेबल, त्यावर प्लॅस्टरचे जबडे, बारीक कुंचले, दात घडवायच्या दुधी पुडीच्या बाटल्या आणि कोपऱ्यात एक छोटी भट्टी. मालकीणबाई कमी बोलत आणि जे बोलत ते मोजूनमापून.

मला पसंत केले ते त्यांच्या दिरांनी. भाऊजींच्या स्वतःच्या फोनची काच तडकून कोळ्याचे जाळे झाली होती, पण बाजारात येणाऱ्या प्रत्येक फोनची कुंडली त्यांना तोंडपाठ होती.

"वहिनी, कॅमेरा बघा याचा. मुंगीच्या मिशा दिसतील."

"मुंगीला दात असले तर सांगा," मालकीणबाई म्हणाल्या. "मला रुग्णाच्या दाताचा रंग दिसला तरी पुरे आहे."

माझी किंमत मी सांगत नाही. ती ऐकून सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात फ्रीज आला असता. त्यात भाजी तरी ठेवता आली असती." एवढ्यावरून काय ते समजा.

पहिले काही दिवस माझे फार लाड झाले. मला हात लावण्याआधी लोक हात पुसत. माझ्या चमकत्या पाठीवर लगेच एक जाडजूड काळे कव्हर चढले आणि ती पाठ पुन्हा कुणी पाहिली नाही, पण कव्हरही महागातले होते. मग हळूहळू कुरबुरी सुरू झाल्या. दिवेलागणीला माझा दम संपे. थोडे काम केले की अंग तापे. चार्जरसाठी माझे खोके उलटे करून झटकले गेले, तर त्यातून एक माहितीपत्रक पडले. शिवाय काम करताना मालकीणबाई मास्क आणि चष्मा लावत, आणि असल्या वेषातल्या बाईला मी आत घेत नसे. बोटाचा ठसा द्यावा, तर बोटांवर प्लॅस्टर. मग त्या मास्क काढत, हात धुवत, पुसत, आणि मी त्यांना ओळखेपर्यंत पलीकडच्या माणसाने फोन ठेवलेला असे.

"चोख आहे म्हणायचा," त्या भाऊजींना म्हणाल्या. "चोर आला तर त्यालाही असाच छळेल."

यावर भाऊजी म्हणाले, "सवय होईल हो." मला वाटले, ते मला उद्देशून बोलत आहेत.

अशातच मुख्याध्यापिकाबाईंचा दात आला.

या बाई एका मोठ्या शाळेच्या प्रमुख होत्या. पेनचे टोपण दाताने उघडताना त्यांचा समोरचा दात मोडला होता. मुलांना याच गोष्टीसाठी त्या वर्षानुवर्षे रागावत आल्या होत्या, त्यामुळे दात कसा मोडला हे त्या कुणाला सांगत नव्हत्या. डॉक्टरांनी आमच्या मालकीणबाईंना दवाखान्यात बोलावून घेतले आणि बाजूला नेऊन स्पष्ट सांगितले.

"ताई, रागवू नका. गावात ते नवीन मोठं दुकान निघालंय, मशीनवर दात कातून देतात. माझ्या मागे लागलेत. मी म्हटलं, समोरच्या दाताला हात आमच्या ताईंचाच. पण हा दात जमला पाहिजे. या बाई बोलतात ते सगळं गाव ऐकतं."

मालकीणबाईंच्या हाती येणारे बहुतेक काम याच दवाखान्यातून येई. ते गेले असते, तर मागच्या खोलीतल्या भट्टीवर कापड पडले असते. त्यांनी पिशवीतून दातांच्या रंगांचे नमुने बाहेर काढले.

दाताचा रंग जुळवणे भलतेच नाजूक असते, मित्रांनो. फार वेळ पाहत राहिले तर डोळा दमतो आणि त्याला सगळेच दात सारखे दिसू लागतात. म्हणून पहिल्या नजरेत काय दिसले ते धरायचे असते. मालकीणबाईंनी खिडकीपाशी एक नजर टाकली, रंगांच्या नमुन्यांतला एक दात काढून बाईंच्या ओठांशी धरला आणि पुटपुटल्या, "हाच. जरासा मळकट, कडेला चहाची झाक." मग पुराव्याला असू द्यावा म्हणून त्यांनी मला पुढे केले.

मी माझे काम चोख केले. बाईंच्या तोंडातले दात पांढरे केले. हातात धरलेला नमुन्याचा दात मात्र तसाच ठेवला. तो कुणाच्या तोंडात नव्हता, आणि तोंडाबाहेरच्या दातांशी माझा काही संबंध नसतो.

घरी येऊन मालकीणबाईंनी फोटो मोठा करून पाहिला. बाईंचे दात नमुन्यापेक्षा चांगलेच उजळ होते. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. पुन्हा पाहिला. बराच वेळ एकदा माझ्याकडे, एकदा नमुन्याकडे पाहत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "माझीच नजर चुकली असणार. एवढे पैसे घालून आणलाय, तो काय उगीच?"

मला कृतकृत्य वाटले. कारखान्यातून बाहेर पडल्यापासून कुणी माझ्यावर इतका विश्वास टाकला नव्हता.

त्यांनी उजळ पूड घेतली, कुंचल्याने थरावर थर चढवले, भट्टीत भाजले, घासले, पुन्हा भाजले. दात सुरेख झाला. तो बाईंच्या तोंडात तात्पुरता बसवला आणि डॉक्टरांनी दिवा सरकवला. बाकीचे दात सज्जनपणे रांगेत उभे होते आणि मध्ये हा एकटा, नुकताच इस्त्री करून आल्यासारखा.

मुख्याध्यापिकाबाईंनी आरसा घेतला. तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले.

"हा दात वर्गात आधी पोचेल," त्या म्हणाल्या. "मी मागाहून जाईन."

मालकीणबाईंचा विश्वास बसेना. त्यांनी झटकन मला काढले आणि फोटो घेतला. मला फरक दिसत होता, नाही असे नाही. पण शिकवणी ती शिकवणी. मी सगळे दात एकसारखे पांढरे केले.

"हे बघा मॅडम, फोटोत तर अगदी जुळतोय."

बाईंनी चष्मा लावून फोटो पाहिला. "सुंदर आलाय," त्या म्हणाल्या. "मग शाळेत फोटोलाच पाठवू या."

डॉक्टर खाली मान घालून हातमोजे काढू लागले. जाताना दारात एवढेच म्हणाले, "ताई, आणखी एकदा बघू. त्यानंतर मात्र माझा नाइलाज होईल."

त्या संध्याकाळी घरात माझ्यावरून खटला चालला. भाऊजी माझे वकील होते.

"वहिनी, पुडीत काही गडबड असेल. फोन नाही हो चुकायचा. एवढ्या किमतीचा फोन चुकेल कशाला?"

"किंमत वाढली की चुका कमी होतात, असं कुणी मोजून पाहिलंय का, भाऊजी?"

"तसं नाही, पण…"

"मग मोजू या."

पण मोजायचे कसे, हे त्यांनाही सुचत नव्हते. तेवढ्यात सासूबाई मला मागायला आल्या. फ्रीजची गोष्ट त्या केव्हाच विसरल्या होत्या; आता या घरात माझ्यावर मनापासून जीव होता तो त्यांचाच. रोज दुपारी त्या मला घेऊन अंगणात बसत आणि स्वतःचे हसरे फोटो काढत.

याला कारण होते. सासूबाईंची कवळी मालकीणबाईंनी बनवली होती. सासूबाईंना हवे होते मोत्यासारखे शुभ्र दात. सूनबाईंनी त्यांच्या वयाला शोभतील असे किंचित पिवळसर दात बसवले, वर एक मुद्दाम जरा तिरका ठेवला. त्यावरून सासूबाई पुष्कळ दिवस तोंड मिटून बसल्या होत्या. मी आल्यावर त्यांना मनासारखे दात मिळाले.

"तुला नाही कळलं," त्या सुनेला फोटो दाखवत म्हणाल्या, "पण या फोनला कळलं बघ माझ्या मनातलं."

मालकीणबाईंनी फोटो पाहिला आणि हातातला चहाचा कप खाली ठेवला. त्या कवळीचा रंग जगात कुणाला अचूक ठाऊक असेल, तर तो त्यांना. त्यांनीच तो निवडला होता.

"आई, जरा कवळी काढता?"

"आता? पाहुण्यांसमोर?"

"पाहुणे कुठे आहेत?"

"हा आहे ना," सासूबाईंनी माझ्याकडे बोट दाखवले. पण त्यांनी कवळी काढून वाटीत ठेवली. मालकीणबाईंनी वाटीचा फोटो काढला. पिवळसर दात, पिवळसरच आले.

"आता घाला." फोटो. शुभ्र.

"काढा." फोटो. पिवळसर.

"अगं मी काय बाहुली आहे का?" सासूबाई बोळक्या तोंडाने म्हणाल्या. "ठरव काय ते. तोंडात की वाटीत?"

मालकीणबाईंनी खिडकी बदलून पाहिली, दिवा लावून पाहिला, मालवून पाहिला. सासूबाई घालत-काढत राहिल्या. दर वेळी उत्तर तेच आले. शेवटी सगळे फोटो त्यांनी भाऊजींसमोर धरले. वाटीत खरे, तोंडात गोरे. भाऊजींनी मला हातात घेतले आणि माझ्या पोटातले एकेक सेटिंग धुंडाळायला सुरुवात केली. त्यांनी ब्राइटनेस कमी केला, भाषा बदलली, चुकून माझी घंटी बंद केली, मला दोनदा झोपवून उठवले. पांढरे करणे थांबवण्याचे बटण सापडले नाही, कारण ते मला नाहीच.

"वहिनी, ते… त्याचं वैशिष्ट्य आहे," भाऊजी हळू आवाजात म्हणाले. "खोक्यावरच लिहिलंय. हसू आणखी सुंदर करतो."

"माझं काम हसू सुंदर करायचं नाही हो, भाऊजी," मालकीणबाई म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या. चिडल्या असत्या तर मला बरे वाटले असते. "ज्याचं आहे त्याला ते होतं तसं परत द्यायचं, एवढंच काम आहे."

सासूबाईंनी कवळी नीट बसवली आणि विचारले, "मग माझे सगळे फोटो खोटे?"

भाऊजींनी मला हळूच त्यांच्या पुढ्यात ठेवले. मला उचलून घेत त्या म्हणाल्या, "असू देत. कुणाला सांगू नका."

दुसऱ्यांदा मुख्याध्यापिकाबाई दवाखान्यात आल्या, तेव्हा मालकीणबाईंनी मला खिडकीच्या कट्ट्यावर काचेकडे तोंड करून टेकवून ठेवले. माझे कॅमेरे पाठीवर असल्यामुळे मला सगळे दिसत होते. त्यांनी बाईंच्या दातांकडे एक नजर टाकली, लगेच मान वळवून डोळ्यांना विसावा म्हणून आपल्या राखी एप्रनकडे पाहत राहिल्या, मग पुन्हा एक नजर.

"मागच्या वेळी फोटो काढला होतात," बाई म्हणाल्या. "आज नुसतंच बघताय?"

"मागच्या वेळी आम्ही दोघं बघत होतो, मॅडम. त्यात घोळ झाला."

या वेळचा दात करायला बराच वेळ लागला. घरी त्यांनी वेगवेगळ्या मिश्रणांचे बारीक तुकडे भाजले, खिडकीत ओळीने मांडले, आणि सकाळच्या उजेडात पाहून त्यांतले बहुतेक टाकून दिले. दाताच्या कडेला चहाची झाक दिली. मधोमध एक केसासारखी फिकट रेघ ओढली, कारण शेजारच्या दातावर तशी होती. मला या कामात एकच मान मिळाला. भट्टी किती वेळ चालवायची, त्याचा गजर माझ्यावर लावला गेला. तो मी वेळेवर वाजवला.

दात बसवला तेव्हा डॉक्टर दुसऱ्या रुग्णाकडे होते. ते हात पुसत आले, दिवा ओढला, वाकले आणि म्हणाले, "हं. बसवा मग, बघू."

"बसवलाय," मालकीणबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी चष्मा वर केला, खाली केला, आणखी वाकले. मुख्याध्यापिकाबाईंनी आरसा उचलला. त्यांनी जिभेने एकेक दात चाचपून पाहिला, जणू वर्गातली हजेरी घेत होत्या. मग आरसा खाली ठेवून त्या मालकीणबाईंकडे वळल्या.

"कुणी विचारलं तर काय सांगू?"

"कुणी विचारणार नाही, मॅडम."

तेव्हा बाई हसल्या. तोंडावर हात न धरता, सगळे दात दाखवून.

डॉक्टर म्हणाले, "ताई, फोटो घेऊन ठेवा एक." मालकीणबाईंनी मला उचलले, बाईंसमोर धरले. त्यांचा अंगठा बटणावर आला आणि तिथेच थांबला. तेवढ्या वेळात मी माझी सगळी ताकद पणाला लावली. मुंगीच्या मिशा दिसतील अशी माझी नजर. मी प्रत्येक दातावरून ती फिरवली, कडा पाहिल्या, रेघा पाहिल्या. त्यांतला मालकीणबाईंनी केलेला दात कोणता, ते मला सांगता येईना.

त्यांनी फोटो काढलाच नाही. मला पिशवीत ठेवले. पिशवीत मी डॉक्टरांचा आवाज ऐकला, "पुढच्या आठवड्यात आणखी समोरचे दात आहेत. तुम्हीच या. फोन नाही आणला तरी चालेल."

आता मी मागच्या खोलीत असतो. भट्टीचा गजर वाजवतो, आलेले फोन घेतो, दुपारी सासूबाईंबरोबर अंगणात बसतो. त्यांना सगळे ठाऊक आहे, तरी त्या माझ्यासमोर हसतात. भाऊजी नव्या फोनची माहिती आणतात, तेव्हा मालकीणबाई फक्त विचारतात, "तो दात पांढरे करतो का?" आणि भाऊजी माहिती परत घेऊन जातात.

मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याला सांभाळा. त्याची काच मऊ कापडाने पुसा, तापला तर थोडी विश्रांती द्या, एखादे वेळी कव्हर काढून त्याची पाठही पाहा. लग्नकार्यात, सहलीत त्याला मनसोक्त वापरा. पण दात, कापड किंवा भिंतीचा रंग जुळवायचा असेल, तर त्याला खुशाल खिशात ठेवा आणि खिडकीपाशी जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. त्याला वाईट वाटेल असे मनात आणू नका. वाटले तरी ते दिसणार नाही. चेहऱ्यावरचे असले सगळे पुसून टाकायला तर आम्हाला शिकवलेले आहे.