साल सोलायच्या सुरीचा जळफळाट

मी साल सोलायची सुरी बोलतेय. रखवालदाराच्या खोलीत, दाराजवळच्या खिळ्यावर टांगलेली असते मी. दोन टोकांना दोन लाकडी मुठी, मध्ये हातभर पातं.

रखवालदाराच्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, मला लोहाराकडून करून घेतलं. डोंगरावरच्या पाइनच्या जंगलाची राखण बापाकडून लेकाकडे आली, तशी मीही आले. आमची रीत ठरलेली. वसंतात एक झाड आमिष म्हणून पाडायचं. तांदळाच्या दाण्याएवढे भुंगेरे त्या आडव्या झाडावर तुटून पडतात, सालीखाली अंडी घालतात. आठ आठवड्यांनी, नवे भुंगेरे उडायच्या आत, मी साल सोलायची आणि रखवालदारानं ती जाळायची. तेवढ्यानं उभं जंगल वाचायचं. मग तोरा मिरवू नको तर काय करू?

पण त्याची लेक शिकून परत आली आणि येताना सवत घेऊन आली. काळी पेटी! वास सोडून भुंगेरे पकडायचे, एवढंच तिचं काम. ना धार, ना मूठ. लेक रोज सकाळी तिच्याकडे जायची, आतले भुंगेरे मोजायची, तिला फडक्यानं पुसायची. मला कुणी तेलाचं बोट लावेल तर शपथ! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

गेल्या वर्षी थंडी नावालाच पडली आणि ऊन मात्र आधीच तापलं. झाड पाडून सहा आठवडे झाले आणि लेक तरातरा खोलीत आली.

"बाबा, आजच सोला. पेटीत भुंगेरे यंदा लवकर आले होते. त्यात हे ऊन. आठ आठवडे थांबायचे नाहीत ते."

"आता पेटी मला शिकवणार? आबांनी आठ सांगितलेत."

"आबांच्या वेळी इतकं तापायचं का?"

"पुरे!"

मला कोण आनंद झाला! बरी जिरली पेटीची, म्हटलं.

आठवा आठवडा भरला आणि आम्ही गेलो. पहिल्याच ओढीला साल सुटून हातात आली. टोच्यानं टोचावी तशी भोकंच भोकं, आत एकही भुंगेरा नाही. रखवालदारानं ती बरोबर आलेल्या लेकीपुढे धरली.

"पोरी, उडून किती दिवस झाले असतील गं?"

"दहा-बारा, बाबा."

पूर्वी वर्षाला भुंगेऱ्यांची एकच पिढी निघायची, गेल्या वर्षी दोन निघाल्या. तहानलेल्या झाडांत डिंकही उरला नव्हता, नाहीतर त्यातच बुडवतात ती भुंगेऱ्यांना. पानगळीच्या सुमाराला वरचा अख्खा उतार वाळून तांबडा पडला. तिथली साल आता आपोआप गळते, माझी गरजच नाही. खालचा उतार तेवढा अजून हिरवा आहे.

परवा, वसंत लागताच, रखवालदारानं खाली नवं आमिषाचं झाड पाडलं. मग मला लेकीच्या हातात दिलं. "कधी सोलायचं ते यापुढे तू ठरव," म्हणाला. तिनं मला घासलं, धार लावली, परत टांगलं आणि गेली सरळ पेटीकडे.

जळते मी अजून, खोटं कशाला बोलू? पण पेटीबाई, हात जोडते तुला. रोज तुझ्याकडेच जाऊ दे तिला, तुलाच पुसू दे. फक्त वेळेत सांग गं.