आखाजीचा मुराळी

भाईदास वकिलांनी पाण्याचा तांब्या घेतला, पण तोंडाला लावला नाही. तो तसाच हातात धरून ते धनुबाईच्या एकखणी घरात नजर फिरवत राहिले. छबूची गोधडी घडी घालून कोपऱ्यात ठेवलेली होती. दोरीवर तिचं परकर-पोलकं नव्हतं.

"मुलगी कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

धनुबाईने पदर सारखा केला. छबूचा सासरा उखा काल सकाळी इथे धानोऱ्याला स्वतः आला होता. घरात देवाचं कार्य आहे, सुनेला न्यायला मुराळी होऊन आलो, असं उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणाला. हातात गुळाचं फडकं होतं.

"मुराई व्हईसन उना व्हता, साहेब," ती म्हणाली. "दारशी उनेल मुराईले रिकामा कसा धाडू?"

भाईदासांनी तांब्या खाली आदळला. पाणी सारवलेल्या जमिनीवर पसरलं.

अकरा वर्षांच्या त्या मुलीच्या पाठीवर सासरी डागल्याच्या खुणा होत्या. थंडीपासून ते मुलीच्या ताब्याच्या या एका अर्जामागे लागले होते. डॉक्टरांची साक्ष झाली होती, निकाल लागेपर्यंत मुलीने आईकडेच राहावं असा हुकूम मिळाला होता. परवा, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, शेवटची तारीख होती. आता समोरचा वकील उठून म्हणणार, आईनेच आपल्या हाताने पाठवली. मग छबू कायमची त्याच घरात.

हे सगळं त्यांनी धनुबाईला पुन्हा एकदा समजावलं. तिने नेहमीसारखं मान हलवत लक्षपूर्वक ऐकलं. मुलीला कुणी ओढून न्यायचं नाही, असं कोर्टाने सांगितलं होतं ना? कुणी ओढली नाही. उखाने रीतीने मागितली, तिने रीतीने दिली. पाठीला एरंडीचं तेल लावून दिली.

"आणि आता आखाजीला माहेरी कोण आणणार तिला?"

"मन्हाकडथून कोन जाई? माले भाऊ नही, साहेब." ती सांडलेलं पाणी फडक्याने टिपू लागली. एकच जागा ती पुन्हा पुन्हा पुसत होती.

भाईदास बाहेर आले. रस्त्यावर बैलगाड्यांची रीघ होती. गाडीगाडीत नवं धोतर नेसलेला कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी मामा, लेकीबाळींना आणायला निघालेला. नंदुरबारचे बाकीचे वकील बांधाचे आणि वाटणीचे खटले चालवत आणि दुपारी झोपत. यापुढे पोराबाळांचं प्रकरण घ्यायचं नाही, असं भाईदास दर वर्षी ठरवत.

गाडीवानाने विचारलं, नंदुरबारला ना? भाईदासांनी काळा कोट काढून गाडीत टाकला आणि पुन्हा उंबऱ्याशी गेले.

"सांजोऱ्या केल्यात का?" त्यांनी त्रासून विचारलं. "बांधा."

उखाच्या दारासमोरच्या निंबाला झोका बांधला होता. त्याची थोरली लेक त्याच सकाळी माहेरी आली होती आणि गल्लीतल्या पोरींबरोबर झोक्यावर होती. सासू सुंदरबाई ओट्यावर धान्य पाखडत होती. तिने वकिलांना लगेच ओळखलं.

"काया डगला कोठे इसरनात, वकीलसाहेब?"

पोरी हसल्या.

भाईदासांनी गाठोडं पुढे केलं. शाळेत गेल्यापासून घराबाहेर न वापरलेली बोली त्यांच्या तोंडी आली, जरा अडखळत.

"छबूले लेवाले उनू. आखाजीना मुराई शे मी."

"तिले मामा नही."

"आते शे, मी."

झोका थांबला. सुंदरबाईच्या लेकीने पाय जमिनीला टेकवले आणि आईकडे पाहिलं. गल्लीतल्या ओट्याओट्यावर बायका उभ्या राहिल्या. उखा आतून तावातावाने आला, गाठोड्याकडे पाहून दारातच थबकला. वकील म्हणून आलेल्या भाईदासांना त्याने एकदा हाकललं होतं. आज मुराळ्यासाठी त्याने खाली मान घालून घोंगडी अंथरली.

मग बसावं लागलं. पुरणपोळ्या, वर आग्रह, वर कापसाच्या भावाबद्दल उखाची बडबड. भाईदास दात आवळून जेवले. छबू आपलं गाठोडं घेऊन बाहेर आली तेव्हा उन्हं कलली होती. गाडी गावाबाहेर पडली तरी ती ताठ बसून होती. पाठ कुठेच टेकू देत नव्हती. भाईदासांनी गाडीवानाला बैल हळू हाकायला सांगितलं.

तारखेला सकाळीच त्यांनी सगळे कागद नंदुरबारच्याच सलाउद्दीन वकिलांपुढे ठेवले. मुलीला आणलं त्यांनी, म्हणजे साक्ष त्यांचीच होणार; आणि साक्षीदाराला तोच खटला चालवता येत नाही. सलाउद्दीन बराच वेळ चष्मा पुसत राहिले. हाताशी आलेला खटला असा दुसऱ्याला देऊन टाकणारा माणूस आपण पाहिला नव्हता, असं ते म्हणाले.

"वाचा आधी," भाईदास म्हणाले. "दुपारी पुकारा होईल."

साक्षीच्या पिंजऱ्यात त्यांना हात कुठे ठेवावेत ते कळेना. नाव, वय, धंदा सांगून झालं.

"मुलीशी नातं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"मामा."

न्यायाधीश त्यांना कित्येक वर्षं ओळखत होते. त्यांनी टाक वर उचलला.

"सख्खे?"

"नाही."

"चुलत? मावस?"

"नाही, साहेब."

"वकीलसाहेब, कायद्यात असं नातं बसत नाही."

"ठाऊक आहे मला," भाईदास तिरसटपणे म्हणाले. "लिहून घ्या."

न्यायाधीशांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि टाक दौतीत बुडवला.