उजवीकडच्या स्पीकरचं मौन

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे आणि आयुष्यात मी एकही खोटा शब्द बोललेलो नाही. यात फुशारकीचं काही नाही. आयुष्यातला बराच काळ मला बोलायलाच मिळालेलं नाही.

आम्ही जोडीने जन्मलो. एकाच कारखान्यात, एकाच टेबलावर, एकाच दाबलेल्या भुशातून. पडदा तसाच, जाळी तशीच, मागचे स्क्रूसुद्धा तसेच. शेवटच्या टेबलावरच्या बाईंनी एकाच्या पाठीवर ‘डावा’ आणि दुसऱ्याच्या पाठीवर ‘उजवा’ अशी पट्टी चिकटवली. त्या वेळी त्या शेजारणीला आपल्या सुनेबद्दल सांगत होत्या आणि त्यांचं लक्ष सुनेकडे होतं. पट्ट्या उलट लागल्या असत्या तरी जगाचं काही अडलं नसतं. पण लागल्या त्या लागल्या. माणसांचंही पुष्कळसं असंच ठरतं, असं ऐकून आहे.

तरुणपणी मी दुकानात होतो. दुकानदार गिऱ्हाइकाला मधल्या खुर्चीत बसवायचा आणि आगगाडीचा आवाज लावायचा. गाडी डाव्याकडून यायची, खोलीतून धडधडत जायची आणि माझ्याकडून दिसेनाशी व्हायची. गिऱ्हाईक मान वळवून तिला निरोप द्यायचं आणि म्हणायचं, “वा!” हा ‘वा’ गाडी माझ्यापाशी पोचल्यावरच यायचा, म्हणून तो माझा, असं मी धरून चाललो होतो. डाव्याचं म्हणणं, गाडी आणली कुणी? या वादात आमची उमेदीची वर्षं गेली. मग बिनतारी स्पीकर आले आणि आम्हांला वरच्या फळीवर, फुटलेल्या पंख्याशेजारी जागा मिळाली. तिथे मला ‘वा’ कुणी म्हटलं नाही, पंख्यालाही नाही.

तिथून आम्हांला एका बसच्या ड्रायव्हरने उचललं. मोठी बस, रोजचे उतारू, तोच रस्ता. माणूस शांत. मागच्या उतारूंचं भांडण आरशात बघायचा, पण मान वळवायचा नाही. घरी आला की मात्र गिटार काढायचा. बायको त्याच खोलीत शिलाईचं यंत्र चालवायची. पडदे, गणवेश, दुसऱ्यांच्या विजारी आखूड करणं, असं तिचं काम. तो वाजवायचा, ती शिवायची, दोघं एकमेकांच्या आवाजाबद्दल तक्रार करायचे नाहीत. संसार यालाच म्हणत असावेत.

ड्रायव्हरच्या मनात आलं की आपलं वाजवणं आपण ऐकून बघावं. ही जबाबदारी जावयाने अंगावर घेतली. जावई संगणकावर काम करणारा आणि सासऱ्यांबद्दल अतोनात आदर बाळगणारा. या दोन गोष्टी एकत्र आल्या की काय होतं, ते पुढे येईलच.

त्याने एक संगणक आणला आणि गिटारचा आवाज संगणकात नेणारी एक लहानशी पेटी आणली. पेटीला पुढे दोन भोकं. गिटारपासून निघालेली तार पहिल्या भोकात गेली. आम्ही दोघे टेबलावर बसलो, आमच्या मधे बायकोचा बटणांचा डबा होता तो तसाच राहिला. मग संगणकाने विचारलं, वाद्य मोनो घ्यायचं की स्टिरिओ? म्हणजे एका भोकातून येणारं घ्यायचं, की दोन्ही भोकांतून?

जावई थबकला. सासऱ्यांना मोनो देणं त्याच्या जिवावर आलं. जेवायला वाढताना कुणी एकच पोळी वाढतं का? त्याने स्टिरिओ निवडलं आणि वर म्हणाला, “बाबा, तुम्हांला सगळ्यात भारी लावून दिलंय.”

मित्रांनो, स्टिरिओत पहिलं भोक डाव्याला जातं आणि दुसरं मला येतं. दुसऱ्या भोकात काहीही नव्हतं. ते काहीही नसणं मी त्या दिवसापासून प्रामाणिकपणे वाजवू लागलो. अगदी बारकाईने ऐकलं असतं तर माझ्यातून हलकीशी ‘सूं’ ऐकू आली असती. तेवढंच माझं योगदान.

ड्रायव्हरने वाजवलं, पुन्हा लावून ऐकलं आणि माझ्याकडे मान वळवून पाहिलं. मग त्याने कानांवर हेडफोन चढवले. त्यांनाही तीच वाटणी होती. डाव्या कानात गिटार, उजव्या कानात शांतता. गाणी तो स्वयंपाकघरातल्या रेडिओवर ऐकायचा, त्यामुळे पडताळून बघायला दुसरं काही नव्हतं. यंत्र तर जावयाने लावलेलं, सगळ्यात भारी. तेव्हा बिघाड कुठे असणार? त्याने हळूच उजव्या कानाची पाळी ओढून पाहिली.

त्याच्या वडिलांचा कान असाच गेला होता. आधी उजवा.

पुढचे आठवडे मी टेबलावरून पाहत होतो. तो तिरका बसू लागला. बायको उजवीकडून बोलली की संपूर्ण वळून बघायचा. तिला यात वावगं वाटलं नाही, उलट इतक्या वर्षांनी आपल्याकडे लक्ष दिलं जातंय म्हणून ती जरा सुखावलेली दिसली. गिटार तो हातात घेईना. आणि एका रविवारी दुपारी, ती एका पडद्याला दुमड घालत असताना, तो म्हणाला,

“अगं, उद्यापासून मी बस सोडतोय.”

यंत्र थांबलं. “म्हणजे?”

“हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर बसायला माणूस हवाय. साहेबांना म्हटलंय, सोमवारी पक्कं सांगतो.”

“छत्र्या मोजायला? तुम्ही?”

“उजवा कान गेलाय माझा.”

तिने दातांतली टाचणी काढून बाजूला ठेवली. “डॉक्टरने सांगितलं?”

“डॉक्टर काय सांगणार? मला कळत नाही का? उद्या उजव्या बाजूने सायकलवाला आला, घंटी वाजवली आणि मला ऐकूच आली नाही, तर? त्यांनी गाडीवरून उतरवण्याआधी आपण उतरलेलं बरं.”

“मी उजवीकडून हाक मारते ती ऐकू येते का?”

“कधी येते, कधी नाही.”

“ते कानाचं नाही, ते स्वभावाचं. लग्नापासूनचं आहे.” पण तिचा आवाज जरा उतरला होता. “कशावरून गेला म्हणता?”

त्याने रेकॉर्ड केलेली गिटार लावली. डावा बोलू लागला. मी नेहमीप्रमाणे मौन पाळलं.

“बघ. सगळं डाव्या कानात.”

ती काही वेळ ऐकत राहिली. मग उठली आणि त्याच्या खुर्चीची पाठ धरून म्हणाली, “उठू नका.” आणि तिने ड्रायव्हरसकट खुर्ची गर्रकन फिरवली. आता त्याची पाठ आमच्याकडे होती.

“आता?”

त्याने डोळे मिटले.

“येतंय,” तो म्हणाला.

“कुठल्या कानात?”

“उजव्या.” त्याचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. “मग आता डावा गेला.”

“अहो, माणसाचे कान काय खुर्चीबरोबर बिघडतात? कान दोन्ही धड आहेत तुमचे. हा डबा मेलाय.” आणि तिने माझ्याकडे बोट दाखवलं. बटणांचा डबा माझ्या शेजारीच होता, पण बोट माझ्याकडेच होतं.

मित्रांनो, मला वाईट वाटलं का? मला पडदा आहे, चुंबक आहे, वाईट वाटण्याची सोय नाही. पण भंगाराची गाडी सोमवारी येते, एवढं मला माहीत होतं.

ड्रायव्हर मात्र अजून साशंक. “एका खुर्चीच्या भरवशावर माणसं घेऊन जाऊ? डबाच मेलाय हे आधी कळू दे.”

संध्याकाळी मुलगी आणि जावई आले. जावयाने तपास हातात घेतला. आमच्या तारा काढल्या आणि उलट लावल्या. डाव्याची मला, माझी डाव्याला. गिटार लावली. आणि इतक्या दिवसांनी मी बोललो! खणखणीत, स्वच्छ. डावा गप्प.

“आता डावा गेला,” ड्रायव्हर म्हणाला.

“तुम्ही जरा थांबा हो,” बायको म्हणाली.

“दोन्ही स्पीकर चांगले आहेत,” जावई कपाळ पुसत म्हणाला. “तारा चांगल्या आहेत. पेटी नवी आहे. कमालच झाली.”

मुलगी तेवढा वेळ संगणकाच्या पडद्यावर बघत होती. “हे स्टिरिओ कुणी केलं?”

“मी.”

“गिटार किती आहेत?”

“एक.”

“तार किती?”

“एक.”

“मग दुसऱ्या बाजूला काय जायचं? हवा?”

जावयाने मान खाली घातली. “बाबांना मोनो कसं द्यायचं? बरं दिसत नाही.”

मग सासूबाईच म्हणाल्या, “जावईबापू, आम्हांला कमीतलं चालतं. द्या.”

त्याने जड मनाने मोनो निवडलं. ड्रायव्हर आपण होऊन खुर्चीत बसला, सरळ. नवीन काहीतरी वाजवलं, फार मोठं नाही, आणि लावून ऐकलं. एकच आवाज आम्हां दोघांत सारखा वाटला गेला. ड्रायव्हरने एकदा उजवा कान झाकला, एकदा डावा. पुन्हा उजवा. मग हात मांडीवर ठेवले. बायकोने यंत्र सुरू केलं, पण कापड घातलं नव्हतं.

सोमवारी तो बस घेऊन गेला. खिडकीवर दुसरा कुणी बसला. भंगाराची गाडी आली आणि माझ्याशिवाय गेली.

मित्रांनो, आता चार शब्द तुमच्यासाठी. कुणी गप्प असला तर त्याला मेला म्हणण्याआधी त्याच्यापर्यंत काही पोचतंय का, ते बघा. आपल्यात काही बिघडलंय असं वाटलं तर मनातल्या मनात कुढू नका, जवळच्या माणसाला सांगा आणि एकदा खुर्ची फिरवून बघा. आदर करा, पण तो कुठल्या भोकात घालतोय हे तपासा. आमच्यावरची धूळ कोरड्या फडक्याने पुसा. पाणी नको.

माझ्या त्या दिवसाच्या कामगिरीबद्दल सांगायचं तर, त्या तारा पुन्हा कुणी सरळ केल्या नाहीत. म्हणजे कायद्याने मी आता डावा आहे. मोनोत हे कुणाच्या लक्षात येत नाही. आणि एकच आवाज दोन्हींकडून सारखा आला की माणसाला तो मधूनच आल्यासारखा वाटतो. घरी येणारे पाहुणे मधे बघतात आणि “वा!” म्हणतात.

मधे बटणांचा डबा आहे.